रेडिओ आणि वॉकीटॉकी: खोक्यावरचे आकडे आणि खरी कामगिरी

दुकानात रेडिओ मागितला की हल्ली समोर येतो तो ब्लूटूथ स्पीकर. त्याला टॉर्च असते, वर सौर पट्टी असते, पेन ड्राइव्ह लागतो, मेमरी कार्ड लागतं आणि खोक्याच्या एका कोपऱ्यात ‘एफएम-एएम-एसडब्ल्यू’ असंही छापलेलं असतं. गाणी ऐकायला तो वाईट नाही. पण सकाळच्या बातम्या, शेतीचा कार्यक्रम किंवा रात्रीचं संगीत आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर (खोक्यावरचं ‘एएम’ ते हेच) ऐकायचं असेल, तर पाचशे-सातशे रुपयांतले हे सेट बहुतेक वेळा निराशा करतात. कारण उघडून पाहिल्यावर कळतं. मीडियम वेव्ह पकडणारा अवयव म्हणजे आतली फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. या सेटमध्ये ती कांडी जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची असते. तिच्या शेजारीच पेन ड्राइव्ह वाचणारी चिप, चार्जिंगचं सर्किट आणि डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर बसलेले असतात. म्हणजे कान लहान, आणि कानाला लागूनच गोंगाट.

वर ओढायचा जो चकचकीत एरियल असतो, त्याचा मीडियम वेव्हशी काही संबंध नसतो. तो एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. त्यामुळे एरियल लांब आहे म्हणून रेडिओ चांगला, असं समजू नका. मीडियम वेव्हसाठी रेडिओची रुंदी पाहा: कांडी आडवी बसते, म्हणून पसरट रेडिओत लांब कांडी मावते.

विकत घेण्याआधी आपल्याला कोणता बँड लागणार, हे ठरवावं. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. शहरात आणि आसपासच्या सपाटीवर त्या उत्तम मिळतात, पण डोंगराची एक सोंड मध्ये आली की स्टेशन खरखरायला लागतं. पुण्याची विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर शहरात खणखणीत लागते, घाट उतरून कोकणात गेलात की ती विसरा. मीडियम वेव्ह जमिनीला धरून जाते, म्हणून ती डोंगरापलीकडेही पोचते. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झ, पुणे ७९२, नागपूर ५८५ या तिच्या नेहमीच्या जागा. काही लहान केंद्रांचं मीडियम वेव्हवरचं प्रक्षेपण मात्र गेल्या काही वर्षांत बंद झालं आहे. तेव्हा गावासाठी रेडिओ घेताना आधी त्याच गावात कुणाच्या तरी जुन्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन लागतं का, ते विचारून घ्या. स्टेशनच नसेल तर रेडिओ काय करणार?

आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ घेत असाल, तर एक बारीक गोष्ट बघा. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १०. अमेरिकी पायरीवर ठेवलेला सेट ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो, ७९२ वर थांबतच नाही. पुणे लागतं, पण कडेने, दबलेल्या आवाजात, आणि लोक म्हणतात सेट खराब आहे. बऱ्याच सेटमध्ये रेडिओ बंद असताना एखादी कळ दाबून धरली की ९ आणि १० मध्ये बदल होतो. माहितीपत्रकात ही ओळ शोधा, आणि ती सोय नसलेला सेट परत ठेवा.

रोजच्या वापराला, विशेषतः घरातल्या मोठ्यांसाठी, काट्याचा दोन बँडचा रेडिओच सगळ्यात सोयीचा. एक चकती आवाजाची, एक स्टेशनची, बस. सोनीचा आयसीएफ-३०६ या जातीतला चांगला नमुना आहे: दोन पेन्सिल सेल, एफएम आणि एएम, नेमकं स्टेशन लागलं की पेटणारा छोटा दिवा. दोन-तीन महिने सेल बदलावे लागत नाहीत, असं वापरणारे सांगतात ते पटण्यासारखं आहे, कारण आवाज बेताचा ठेवला तर असा सेट फार कमी वीज खातो. उणीव अशी की एफएमची पट्टी आखूड आहे. मुंबईसारख्या ठिकाणी जिथे स्टेशनांची दाटी आहे, तिथे काटा केसभर हलला तरी शेजारचं लागतं. बोटं थरथरत असतील तर त्रास होतो. अशा वेळी त्याच कंपनीचा मोठा आयसीएफ-५०६ बरा. तीन पेन्सिल सेलवरही चालतो आणि घरच्या विजेवरही, चकती मोठी आहे, आणि बातम्यांसाठी व संगीतासाठी आवाजाचं वेगळं बटण आहे. बातम्यांच्या बाजूला ठेवला की घुमणारा भाग कमी होतो आणि शब्द सुटे ऐकू येतात; कमी ऐकू येणाऱ्यांना हा फरक मोठा आहे. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला असेल तर पिन खोचण्याआधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेत विकला जाणारा सेट १२० व्होल्टचा असतो; आपल्या २३० वर तो जळतो.

लांबची स्टेशनं पकडायची हौस असेल तर टेकसनचा पीएल-३१०ईटी. पडद्यावर स्टेशनचा जोर आणि खरखरीचं प्रमाण आकड्यांत दिसतं, मीडियम वेव्हवर शेजारचं स्टेशन अडवणारी गाळणी ६ किलोहर्ट्झपासून १ पर्यंत अरुंद करता येते. रात्री दोन स्टेशनं एकमेकांवर चढली की २ किंवा ३ वर ठेवा. आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, पण शब्द वेगळे होतात. एक खोड आहे: क्षीण स्टेशन लागलं की सेट स्वतःच आवाज दाबतो. जुन्या ट्रान्झिस्टरवर खरखरीतूनही जे ओळखीचं ऐकू येतं, ते इथे कधी कधी गिळलं जातं. त्याच्यात सेल आत ठेवूनच चार्ज करता येतात, पण फक्त रिचार्जेबल. साधे सेल घालून चार्जिंग चालू केलंत तर ते फुटतात आणि आतल्या पट्ट्या खातात.

शॉर्ट वेव्हसाठी म्हणून जास्त पैसे घालू नका. बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी शॉर्ट वेव्हवरून बंद झाली, आणि तिच्याआधी-नंतर अनेक देशांनी हात आखडता घेतला आहे. आकाशवाणीच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी, म्हणजे डीआरएमसाठी, वेगळा महागडा सेट लागतो. साध्या रेडिओवर ते प्रक्षेपण नुसतं सूं-सूं ऐकू येतं. ज्या जागी अशी एकसारखी फुसफुस असेल तिथे रेडिओ बिघडलेला नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता खरखरीकडे येऊ, कारण रेडिओबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर घराच्या असतात. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफायच्या डब्याचा अडॅप्टर, सौर इन्व्हर्टर, हे सगळे मीडियम वेव्हवर घरघर ओततात. शोधायची रीत सोपी आहे. रेडिओ सेलवर चालवा, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा, आवाज वाढवा आणि घरातले एमसीबी एकेक करून पाडा. ज्या एमसीबीला घरघर थांबते, त्या ओळीवरची उपकरणं एकेक काढून बघा. सगळे पाडूनही आवाज तसाच राहिला तर दोष शेजाऱ्याकडे किंवा रस्त्यावरच्या दिव्यात. मग रेडिओ जागेवरच हळूहळू फिरवा. फेराइटच्या कांडीची टोकं ज्या दिशेला असतात, त्या दिशेकडून तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. म्हणून कांडीचं टोक घरघरीकडे केलं की ती बुडते, आणि स्टेशन दुसऱ्या दिशेला असेल तर ते तसंच राहतं. पाव वळसा फिरवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुप्पट महाग रेडिओ घेऊनही पडत नाही.

याहून पुढे जायचं असेल तर रेडिओला तार न जोडता चालणारी एरियलची चौकट करता येते. ४० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट घ्या, तिच्यावर साध्या वायरचे बारा-तेरा वेढे थोडं थोडं अंतर ठेवून गुंडाळा, आणि दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या ५०० पीएफच्या गँगला, म्हणजे स्टेशन लावायच्या फिरत्या कपॅसिटरला, जोडा. रेडिओ चौकटीजवळ ठेवा, कांडी चौकटीच्या पातळीला काटकोनात येईल असा. मग गँग सावकाश फिरवा. योग्य जागी आली की क्षीण स्टेशन एकदम उसळी मारतं. प्रत्येक स्टेशनला गँग पुन्हा जुळवावी लागते. पट्टीच्या वरच्या टोकाची स्टेशनं जुळत नसतील तर एक-दोन वेढे काढा, खालची जुळत नसतील तर वाढवा.

मोबाइलमधल्या एफएमवर विसंबू नका. त्याचा एरियल म्हणजे इयरफोनची वायर, आणि ३.५ मिलिमीटरचं भोक असलेले फोन आता कमी होत चालले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना एफएम बंद न ठेवण्याचा सल्ला दिला होता, तरी फोन घेताना ते आत आहे की नाही हे पडद्यावर बघूनच खात्री करा. पूर, वादळ, बराच काळ खंडित झालेला वीजपुरवठा अशा वेळी टॉवर आधी मरतात. रेडिओ दोन सेलवर आठवडा काढतो.

वॉकीटॉकीचं प्रकरण वेगळं, कारण इथे कायदा आधी येतो. रेडिओ ऐकायला परवाना लागत नाही, पण प्रक्षेपण करणारं कुठलंही यंत्र वापरायला लागतो, आणि त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा अपवाद ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा. २०१८ च्या नियमांनी हा पट्टा अर्ध्या वॉटपर्यंतच्या सेटसाठी विनापरवाना केला. साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतराने त्यात १६ चॅनल बसतात: पहिलं ४४६.००६२५ वर, सोळावं ४४६.१९३७५ वर. युरोपातला पीएमआर ४४६ हाच पट्टा. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचाही एक विनापरवाना पट्टा आहे, पण त्याचे हातातले सेट बोजड असतात आणि एरियल लांब. रोजच्या कामाला ते नकोत.

विनापरवाना म्हणजे विनातपासणी नव्हे. सेटला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या यंत्राला दिलेली, मंजुरी असायला हवी. तिचा क्रमांक विक्रेत्याकडून मागा आणि सरल संचार पोर्टलवर तपासा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर ज्या जाहिरातीत वारंवारता आणि मंजुरीचा उल्लेखच नाही, ती जाहिरात वाचून पुढे सरका.

सगळ्यात जास्त फसवणूक कुठे होते? ‘५ वॉट, १० किमी रेंज’ लिहिलेल्या चिनी सेटमध्ये. बाओफेंग यूव्ही-५आर हे त्यातलं गाजलेलं नाव. यंत्र म्हणून ते पैशाच्या मानाने चांगलं आहे, १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ दोन्हीकडे चालतं. नेमकी तीच अडचण. त्याच पट्ट्यांत पोलीस, अग्निशमन, रेल्वे अशांची कामं चालतात, आणि बटण दाबल्यावर तुम्ही कुणाच्या चॅनलवर बोलताय हे तुम्हाला कळतही नाही. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना काढलात तर १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर तो रीतसर वापरता येतो. वय बारा पूर्ण असलं की परीक्षा देता येते. पण त्या परवान्यावर धंद्याची कामं, मंडळाचा बंदोबस्त किंवा सोसायटीची सुरक्षा चालवता येत नाही, आणि समोरच्या माणसाकडेही परवाना लागतो.

अमेरिकेतून भाऊबंदांनी भेट म्हणून आणलेल्या जोड्यांचंही तसंच. तिथले फॅमिली रेडिओ ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, ते इथे विनापरवाना नाहीत. युरोपातून आणलेला मोटोरोलाचा टी-४२, टी-६२ किंवा टी-८२ निदान पट्ट्याला बरोबर बसतो. मंजुरीचा प्रश्न तेवढा उरतो.

पल्ल्याचा आकडा म्हणजे दोन डोंगरमाथ्यांवर उभ्या असलेल्या दोन माणसांचा आकडा. राजगडाच्या माथ्यावरून तोरण्याच्या माथ्याशी बोलायचं असेल तर अर्धा वॉटही पुरतो, कारण मध्ये काही नाही. तोच माणूस सोंडेमागे दहा पावलं उतरला की आवाज तुटतो. शहराच्या गल्ल्यांत ३०० ते ७०० मीटर, मोकळ्या शेतात दीड-दोन किलोमीटर, उसाच्या उभ्या फडात त्याच्या निम्मं, आणि पावसात भिजलेल्या गर्द झाडीत आणखी कमी, असा हिशेब धरावा. आरसीसीच्या इमारतीत पाच-सहा मजले उभ्याने मिळतात. तळघरातल्या पार्किंगमधून गेटवर मिळेलच असं नाही. सोसायटीसाठी सेट घेत असाल तर आधी दोनच घ्या, एक माणूस पार्किंगच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात पाठवा, मग लिफ्टच्या आत, मग पंपाच्या खोलीत. नंतरच बाकीचे मागवा.

जास्त वॉट म्हणजे जास्त लांब, हेही तेवढं खरं नाही. डोक्याच्या उंचीवरून बोलताना दुप्पट अंतराला साधारण सोळापट ताकद लागते. अर्ध्या वॉटवरून पाच वॉटवर गेलात तर अंतर पावणेदोन पटीच्या आसपासच वाढतं, बॅटरी मात्र झपाट्याने संपते. त्यापेक्षा उंचीवर चढा. गच्चीवरून, चाळीच्या कठड्यावरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून बोललात तर पाच वॉटचा फायदा फुकटात मिळतो. सेट उभा धरा, आडवा नको. कमरेच्या पट्ट्याला लटकवून माइकवरून बोलताना शरीर मध्ये येतं आणि निम्मा सिग्नल गिळतं.

‘१२१ प्रायव्हसी कोड’ ही आणखी एक पाटी. त्यातले ३८ ऐकू न येणारे खालचे सूर आणि ८३ डिजिटल खुणा. त्यांचं काम एवढंच की दुसऱ्याच्या गप्पा तुमच्या स्पीकरवर येऊ देऊ नयेत. तुमच्या गप्पा मात्र त्या चॅनलवर कोड न लावलेला कोणीही ऐकतो. म्हणून किल्ली कुठे ठेवली आहे, रोकड कधी निघणार, हे त्यावर बोलू नये. शिवाय कोड लावला की समोरचा सेट उघडायला क्षणभर लागतो आणि पहिला शब्द कापला जातो. ‘थांबवा’ मधलं ‘थां’ गेलं की काय उरतं? बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. आणि बोलून झाल्यावर बटण लगेच सोडू नका. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका. ओठाला लावून ओरडलं की आवाज फाटतो, आणि ढोल-ताशाच्या मिरवणुकीत तर काहीच कळत नाही.

गणेशोत्सवाच्या बंदोबस्तासाठी सेट घेत असाल तर सेटपेक्षा कानातल्या वायरवर खर्च करा. दोन पिनांचा जोड, एक ३.५ आणि एक २.५ मिलिमीटर, केनवूडच्या पद्धतीचा असेल तर तो कुठेही मिळतो. मोटोरोलाच्या बऱ्याच लहान जोड्यांना एकच २.५ ची पिन लागते. आवाजावर आपोआप चालू होण्याची सोय मिरवणुकीत बंदच ठेवा. ताशाच्या पहिल्या थापेला ती चॅनल अडवून बसते. भाड्याने घेत असाल तर देणाऱ्याकडे त्या वारंवारतेचा परवाना आहे का, हे विचारा आणि त्याची प्रत मंडळाच्या फायलीत ठेवा. पोलिसांनी विचारलं तर ‘भाड्याचे आहेत’ हे उत्तर पुरत नाही.

सिमकार्डाचे वॉकीटॉकी म्हणजे मोबाइलच्या ४जी जाळ्यावर चालणारे सेट. पुण्यातून नागपूरला बोलता येतं, म्हणून ट्रकवाले आणि मोठी गोदामं ते घेतात. बटण दाबल्यावर एखादा सेकंद उशीर लागतो, दर महिन्याचा डेटा लागतो, आणि टॉवर नसेल तिथे ते निव्वळ वजन. ट्रेकला ते नेऊ नका.

पावसाळ्यात वापरायच्या सेटचा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा आयपी६७ असावा. आयपी५४ म्हणजे शिंतोड्यांपुरता. सह्याद्रीतला आडवा पाऊस त्याच्या चार्जिंगच्या भोकातून आत शिरतो. रबरी झाकण ओढून घट्ट बसवलं नसेल तर आयपी६७ चाही उपयोग नाही.

बॅटरीचे ‘१६ तास’ हे पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के गप्प राहणं धरून काढलेले असतात. मिरवणुकीत किंवा लग्नाच्या हॉलवर याच्या तिप्पट-चौपट बोलणं होतं, तेव्हा सात-आठ तासच धरा आणि प्रत्येक दोन सेटमागे एक जादा बॅटरी ठेवा. पेन्सिल सेलवर चालणारे सेट गावाकडे याच कारणाने बरे. किराणा दुकानातून सेल आणले की काम सुरू. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतात, म्हणून काही सेटचा बॅटरीचा दिवा लवकर लाल होतो. सेट मात्र चालत राहतो. साधे झिंकचे सेल दोन महिन्यांहून जास्त काळ कुठल्याच सेटमध्ये पडून राहू देऊ नका. गळलेला पांढरा-निळा क्षार स्प्रिंगवर दिसला तर आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, लगेच स्पिरिटने साफ करा आणि पूर्ण वाळल्यावरच नवे सेल घाला. स्प्रिंग काळी पडून ठिसूळ झाली असेल तर पुसण्यात वेळ घालवू नका. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे स्प्रिंग बदलून मिळते.